कोबोल कंपायलरला सुधारणा कशी सुचवावी

पतसंस्थेतल्या ठेवींचं व्याज, बाजार समितीची हिशोबपट्टी, नाहीतर नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या एखाद्या ऑफिसात बसून सांभाळलेली परदेशी विमा कंपनीची सिस्टिम. मागे कोबोल ही जुनी प्रोग्रॅमिंग भाषा असेल तर कधी ना कधी तोंडातून निघतंच, "हे कंपायलरनेच पकडायला हवं होतं." ही तक्रार कंपायलर, म्हणजे आपला कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, लिहिणाऱ्यांपर्यंत पोचवता येते, आणि नीट मांडली तर मान्यही होते. पण "कोबोलमध्ये अमुक सोय हवी" अशा एका ओळीच्या मागण्या वर्षानुवर्षं तशाच पडून राहतात. समोरच्याला चालवून बघता येईल असं त्यात काहीच नसतं, आणि जुन्या प्रोग्रॅमचं काय होईल याचा विचारही नसतो.

आधी बघा, दुखणं नेमकं कुठे आहे

दुखणं पाचपैकी एका जागी असतं: तुमच्या प्रोग्रॅममध्ये, कंपाइल करताना दिलेल्या पर्यायांत, कंपायलरच्या खऱ्याखुऱ्या दोषात, कंपायलर जिथे बोलायला हवा तिथे गप्प राहण्यात, किंवा मुळात भाषेतच. पहिल्या दोन जागा तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. पाठवलेली मागणी परत येते ती बहुतेक वेळा इथेच.

चार अंकी, चिन्हासह असलेलं बायनरी फील्ड घ्या, म्हणजे आपलं नेहमीचं कॉम्प. मशीनमध्ये त्याला दोन बाइट मिळतात आणि त्यात ३२,७६७ पर्यंतचा आकडा मावतो. त्यात १२,३४५ मूव्ह केले की एका मशीनवर १२,३४५ दिसतात आणि दुसऱ्यावर २,३४५. दोन्ही कंपायलर बरोबर आहेत. आयबीएमकडे ट्रंक या पर्यायाला एसटीडी दिलं तर पिक्चरमधल्या, म्हणजे फील्डच्या व्याख्येत लिहिलेल्या, अंकांइतकंच ठेवलं जातं, बिन दिलं तर पूर्ण दोन बाइट वापरले जातात. ग्नूकोबोल हे फुकट मिळणारं कंपायलर मूळ सेटिंगला पिक्चरप्रमाणे कापतं आणि नो-ट्रंक पर्याय दिला की कापत नाही. इथे सुधारणा सुचवायचीच असेल तर ती बिल्ड स्क्रिप्टमध्ये.

टेबलच्या सबस्क्रिप्टचंही, म्हणजे ओळीच्या क्रमांकाचंही, तसंच. ग्नूकोबोलला डीबग पर्याय दिला नाही किंवा मेनफ्रेमवर (आयबीएमच्या मोठ्या मशीनवर) एसएसरेंज ही तपासणी बंद असेल, तर पन्नास ओळींच्या टेबलात एक्कावन्नावी ओळ लिहिली जाते आणि शेजारचं फील्ड बिघडतं. ती तपासणी चालू करून पुन्हा चालवा, मग बोला.

एक उदाहरण जवळून: मधला भागाकार

मुद्दल १,००,००० रुपये, दर ७.२५ टक्के, मुदत ९१ दिवस. प्रोग्रॅममध्ये कॉम्प्युट असं लिहिलंय:

व्याज = मुद्दल × (दर ÷ १००) × (दिवस ÷ ३६५)

मुद्दल, दर आणि व्याज या तिन्ही फील्डना दोन दशांश, दिवसांना एकही नाही. कॅल्क्युलेटरवर उत्तर १,८०७.५३ येतं. ग्नूकोबोलच्या मूळ सेटिंगलाही तेच येतं, कारण ते मधली उत्तरं भरपूर दशांश ठेवून काढतं. आयबीएमच्या नियमाने मात्र मधल्या भागाकाराला किती दशांश मिळणार हे उत्तराच्या फील्डवरून आणि इतर फील्डवरून ठरतं. भाजक त्यात धरला जात नाही. इथे ते दोन ठरतात. मग ७.२५ ÷ १०० चे ०.०७ होतात, ९१ ÷ ३६५ चे ०.२४ होतात, आणि व्याज निघतं १,६८०.००. एका ठेवीमागे १२७ रुपये ५३ पैसे गायब, कुठेही एरर नाही.

याला कंपायलरचा दोष म्हणून पाठवलंत तर "नियमाप्रमाणेच आहे" असं उत्तर येईल, आणि ते खरं असेल. कोबोल भाषेच्या १९८५ च्या प्रमाणकाने (स्टँडर्डने) मधल्या गणिताची अचूकता कंपायलर बनवणाऱ्यावर सोडली होती. २००२ मध्ये प्रमाणित अंकगणिताचा पर्याय आला, २०१४ मध्ये त्याचे बायनरी आणि डेसिमल असे दोन प्रकार झाले. पण प्रोग्रॅममध्ये मागितलं नाही तर जुनं, ज्याचं त्याचं अंकगणितच लागू होतं. ग्नूकोबोलमध्ये तर उलट, जुन्या मेनफ्रेमसारखी मधली अचूकता कमी करणारा अरिथमेटिक-ओएसव्हीएस नावाचा पर्यायच दिलेला आहे. जुन्या सिस्टिमशी पैसा न् पैसा जुळवायचा असतो त्यांना तो लागतो.

प्रोग्रॅममधली दुरुस्ती सोपी आहे. आधी सगळे गुणाकार, शेवटी एकच भागाकार: मुद्दल × दर × दिवस ÷ ३६५००. गुणाकारात चार दशांश तयार होतात, भागाकारात ते टिकतात आणि १,८०७.५३ मिळतात.

मग कंपायलरकडे मागायचं काय? अंकगणित बदला, हे नक्कीच नाही. चाळीस वर्षं ज्यांचे ताळेबंद त्या नियमावर जुळतायत, त्यांचे सगळे आकडे हलतील. मागायचा तो एक इशारा: "गुणाकाराच्या आत भागाकार आहे, दशांश तुटू शकतात." कोड तोच राहतो, उत्तर तेच राहतं, फक्त कंपाइल करणाऱ्याला कळतं.

जितकं कमी मागाल तितकं लवकर मिळेल

एकच गाऱ्हाणं वेगवेगळ्या आकारात मांडता येतं, आणि प्रत्येक आकाराची किंमत वेगळी असते. सगळ्यात स्वस्त म्हणजे कंपाइल करतानाचा इशारा. त्यावर कंपायलरचा एखादा पर्याय, मग रनटाइमची सेटिंग, मग नवं इंट्रिन्सिक (भाषेतच तयार मिळणारं) फंक्शन, मग आहे त्या स्टेटमेंटला नवं क्लॉज, आणि सगळ्यात महाग म्हणजे नवं स्टेटमेंट किंवा नवा डेटा प्रकार.

कांद्याच्या पट्टीचं उदाहरण घ्या. १,२८४ किलो, दर क्विंटलला १,८५० रुपये, रक्कम २३,७५४. रकमेचं फील्ड कुणीतरी चार अंक आणि दोन दशांशांचं ठेवलंय. ऑन साइझ एरर, म्हणजे आकडा मावला नाही तर काय करायचं ते, लिहिलेलं नसेल तर प्रमाणकानुसार पुढे काय होईल याची हमी नाही. प्रत्यक्षात बहुधा डावीकडचा अंक कापला जातो आणि पट्टीवर ३,७५४ छापले जातात.

इथेही पहिला विचार येतो तो इशाऱ्याचाच: गुणाकाराचे अंक उत्तराच्या फील्डपेक्षा जास्त होऊ शकत असतील तर सांगा. पण हा इशारा निकामी ठरेल. पाच अंकी फील्ड गुणिले पाच अंकी फील्ड म्हणजे दहा अंक, आणि खऱ्या प्रोग्रॅममध्ये उत्तराचं फील्ड जवळजवळ कधीच तितकं मोठं नसतं. प्रत्येक गुणाकारावर इशारा येईल आणि दुसऱ्याच दिवशी सगळे तो बंद करतील. तेव्हा गरज आहे ती चालू प्रोग्रॅममध्ये अंक कापला गेला की थांबण्याची. आणि शोधलंत तर दिसेल, २००२ च्या प्रमाणकात यासाठी जागा करून ठेवलेली आहे. ईसी-साइझ-ट्रंकेशन नावाची अपवाद-स्थिती आहे आणि टर्न या डायरेक्टिव्हने तिची तपासणी चालू करता येते. म्हणजे तुमची मागणी "नवं काहीतरी द्या" अशी उरत नाही. "प्रमाणकात असलेलं हे तुमच्याकडे पूर्ण चालत नाही, हा बघा प्रोग्रॅम" अशी होते. या दोन वाक्यांत वजनाचा फरक फार मोठा आहे.

म्हणून पाठवण्याआधी शोध घ्याच. ग्नूकोबोलच्या कोबसी कमांडला लिस्ट-रिझर्व्ह्ड आणि लिस्ट-इंट्रिन्सिक्स हे पर्याय दिले की राखीव शब्दांची आणि फंक्शनांची पूर्ण यादी मिळते. नव्या आवृत्तीसोबत येणारी न्यूज फाइलही वाचा. कडेचे स्पेस काढणारं ट्रिम, आठ प्रकारचं राउंडिंग, दोन तारखांमधले दिवस, हे सगळं आधीच आहे. लाख-कोटीच्या स्वल्पविरामांसाठी नवं क्लॉज मागायची तर गरजच नाही. एडिटेड पिक्चरमध्ये स्वल्पविराम जिथे ठेवाल तिथे पडतो. झेड-झेड, स्वल्पविराम, झेड-झेड, स्वल्पविराम, झेड-झेड, स्वल्पविराम, झेड-झेड-नऊ, टिंब, नऊ-नऊ असं पिक्चर लिहिलं की १२,३४,५६७.५० बरोबर छापलं जातं, आणि पुढचे रिकामे स्वल्पविराम आपोआप स्पेस होतात.

राखीव शब्दांचा धोका

नवा शब्द मागताना हात आखडता घ्या. कोबोलमध्ये राखीव शब्द शेकड्याने आहेत, आणि प्रत्येक नवा राखीव शब्द म्हणजे कुठल्या तरी जुन्या प्रोग्रॅममधल्या फील्डचं नाव बेकायदा होणं. तुम्हाला "बॅलन्स" असा शब्द हवा असेल, तर कर्जखात्याच्या किती प्रोग्रॅममध्ये त्याच नावाचं फील्ड असेल याचा अंदाज घ्या. सुचवायचंच असेल तर तो शब्द फक्त त्या क्लॉजच्या आतच खास अर्थाचा ठेवा आणि बाहेर साधं नाव म्हणून चालू द्या. २००२ पासून प्रमाणकात अशा संदर्भापुरत्या शब्दांची सोय आहे. इंट्रिन्सिक फंक्शन मागणं त्याहून सुरक्षित, कारण त्याच्या आधी सहसा फंक्शन हा शब्द लिहावाच लागतो.

देवनागरी नावं

आपल्याकडे हमखास निघणारी मागणी म्हणजे "मराठी सपोर्ट द्या". ही अशीच्या अशी पाठवून उपयोग नाही. काय तुटतं ते बाइट मोजून दाखवा.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण, म्हणजे अक्षर, काना, वेलांटी, अनुस्वार, तीन बाइट घेते. "पिंपळगाव बसवंत" यात १३ खुणा आणि एक स्पेस, एकूण ४० बाइट. गावाच्या नावाचं फील्ड पिक एक्स ३०, म्हणजे तीस बाइटांचं, असेल तर पहिले २४ बाइट "पिंपळगाव"चे, पंचविसावा स्पेसचा, पुढचे तीन "ब"चे, आणि उरलेल्या दोन बाइटांत "स" अर्धवट अडकतो. पट्टीवर "पिंपळगाव ब" आणि पुढे चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसतं. तीच फाइल पुढे बँकेच्या सिस्टिमला दिली तर अख्खं रेकॉर्ड नाकारलं जाऊ शकतं, कारण तो यूटीएफ-८ मजकूरच राहिलेला नसतो.

आयबीएमने एंटरप्राइज कोबोल ६.३ मध्ये यूटीएफ-८ साठी वेगळा पिक यू हा प्रकार आणला. ग्नूकोबोल ३.२ मध्ये नॅशनल हा युनिकोड मजकुरासाठीचा प्रकार वापरला तर काम अपुरं आहे असा इशारा कंपायलर स्वतःच देतो, तेव्हा ते नाही म्हणून दोष नोंदवण्यात अर्थ नाही. मागता येईल अशी नेमकी गोष्ट ही: मूव्ह करताना मजकूर कापावा लागला तर तो पूर्ण खुणेच्या सीमेवर कापावा आणि उरलेले बाइट स्पेसने भरावेत, असा रनटाइम पर्याय. रेकॉर्डची लांबी तीच राहते. मूळ सेटिंग बंद ठेवा. रेफरन्स मॉडिफिकेशनला (फील्डचा मधलाच तुकडा घेण्याला) हात लावू नका, कारण ते बाइट मोजतं आणि त्यावर उभे असलेले प्रोग्रॅम अगणित आहेत. "वं" मधला अनुस्वार सुटू नये असंही वाटेल, पण त्यासाठी युनिकोडची कोष्टकं रनटाइममध्ये भरावी लागतात. ती दुसरी, वेगळी मागणी म्हणून ठेवा. एका पत्रात दोन मागण्या घातल्या की अवघड असलेली सोपीलाही अडकवते.

छोटा प्रोग्रॅम बनवा

वीस ते चाळीस ओळी. फाइल नको, डेटाबेस नको, कॉपीबुक (बाहेरून जोडलेल्या व्याख्यांची फाइल) नको. सगळी फील्ड वर्किंग-स्टोरेजमध्ये, किमती मूव्हने दिलेल्या, शेवटी डिस्प्ले. मूळ प्रोग्रॅममधून एकेक परिच्छेद काढत जा आणि दर वेळी कंपाइल करून दोष अजून दिसतो का बघा. कुठलीशी ओळ काढल्यावर दोष नाहीसा झाला तर तीच ओळ कामाची आहे.

फिक्स्ड फॉरमॅटमध्ये एक सापळा आहे. ओळीतले १ ते ६ स्तंभ क्रमांकासाठी, सातवा ताऱ्यासाठी (तारा असला की ती ओळ नुसती टिपणी), कोड ८ ते ७२ मध्ये, आणि ७३ पासून पुढचं कंपायलर वाचतच नाही. समजा ३६५०० हा आकडा सत्तराव्या स्तंभापासून सुरू झाला. मग कंपायलरला ३६५ दिसतात, पुढची दोन शून्यं गेली, आणि व्याज शंभरपट. पूर्णविरामही गेला, पण पुढची ओळ नव्या क्रियापदाने सुरू होत असेल तर एरर येत नाही. ग्नूकोबोलमध्ये यासाठी कॉलम-ओव्हरफ्लो नावाचा इशारा आहे, पण सगळे इशारे चालू करणाऱ्या डब्ल्यू-ऑलमध्ये तो येत नाही. तो वेगळा मागावा लागतो. "कंपायलरचं गणित चुकतं" म्हणण्याआधी हा चालू करून बघाच. आणि प्रोग्रॅम पाठवताना मजकुरात चिकटवू नका, फाइल जोडा. चिकटवताना पुढचे स्पेस गळतात, टॅब बदलतात आणि समोरच्याकडे वेगळाच प्रोग्रॅम पोचतो.

खऱ्या सभासदाचं नाव, खाते क्रमांक, ग्राहकाचं कॉपीबुक, यातलं काहीही बाहेर जाता कामा नये. फील्डची लांबी आणि प्रकार तेवढे ठेवा, बाकी सगळं बनावट.

मजकूर कसा लिहावा

इंग्रजीत, छोट्या वाक्यांत. आकडे स्वल्पविराम न देता लिहा. १,००,००० बघून बाहेरचा माणूस चुकून काहीतरी वेगळंच वाचतो. क्विंटल, लाख, कोटी हे शब्द टाळा. शीर्षकात काय घडतं ते सांगा. "भागाकार चुकतो" यातून काही कळत नाही. "गुणाकाराच्या आतल्या भागाकारात दशांश तुटतात, इशारा येत नाही" हे वाचून माणूस पुढे वाचतो.

आत एवढं हवं: आवृत्ती आणि बिल्डची माहिती, जी कोबसीला व्हर्जन आणि इन्फो पर्याय देऊन मिळते, तर मेनफ्रेमवर लिस्टिंगच्या सुरुवातीला असते. कंपाइलची पूर्ण कमांड. मिळालेलं उत्तर आणि अपेक्षित उत्तर, दोन्ही अक्षर न् अक्षर. अपेक्षित का, याचा आधार प्रमाणकात किंवा कंपायलरच्या मॅन्युअलमध्ये असेल तर तो. शक्य असेल तर दुसऱ्या कंपायलरवरचा निकालही द्या. जीसीसी या फुकट कंपायलर-संचाच्या १५ व्या आवृत्तीसोबत २०२५ मध्ये जीकोबोल आलं आहे, त्यामुळे फुकटात दोन कंपायलर हाताशी आहेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जुन्या कोडवर काय परिणाम होईल हे तुम्हीच लिहा. शून्य रक्कम, ऋण रक्कम, रिकामं फील्ड, कमाल लांबी, या कडेच्या स्थितीत काय व्हावं हेही. तुम्ही लिहिलं नाही तर पहिला प्रश्न तोच येतो आणि महिना जातो.

कुठे पाठवायचं

ग्नूकोबोलचं काम सोर्सफोर्जवर चालतं. तिथे दोष, मागण्या आणि पॅच (कोडमधला तयार बदल) यांच्या वेगळ्या नोंदी आहेत, योग्य जागी टाका. जीकोबोलसाठी जीसीसीच्या बगझिला या दोषनोंदणीच्या साइटवर कोबोल हा घटक निवडा. आयबीएमकडे सुधारणा आयडियाज पोर्टलवर जाते, पण दोष मात्र सपोर्ट केसमधून, आणि ती केस परवानाधारक ग्राहकालाच उघडता येते. नाशिकमध्ये बसून दुसऱ्याचा मेनफ्रेम सांभाळत असाल तर तुमचा छोटा प्रोग्रॅम ग्राहकाच्या सिस्टिम प्रोग्रॅमरकडे द्या.

भाषेतच बदल हवा असेल तर ते काम आयएसओच्या डब्ल्यूजी-४ गटाचं, आणि भारताकडून आयएसओचं सदस्यत्व भारतीय मानक ब्युरोकडे आहे. प्रमाणकाचा क्रमांक १९८९ आहे, ते वर्ष नव्हे. शेवटच्या चार आवृत्त्या आल्या १९८५, २००२, २०१४ आणि २०२३ मध्ये. हे अंतर बघितलं की पहिला दरवाजा कंपायलरवाल्यांचाच का ठोठवायचा ते कळतं. एखादी सोय दोन-तीन कंपायलरमध्ये आधी रुळली, तर ती प्रमाणकात जाणं सोपं होतं.

पॅच द्यायचा असेल तर

आधी टेस्ट लिहा, मग कोड. ग्नूकोबोलच्या टेस्ट ऑटोटेस्टच्या साच्यात असतात: सेटअप, डेटामध्ये तुमचा छोटा प्रोग्रॅम, चेकमध्ये कमांड आणि अपेक्षित आउटपुट, क्लीनअप. बदलाआधी ती टेस्ट नापास होते हे दाखवा. बदलानंतर मेक चेक चालवून बाकीच्या टेस्ट पास आहेत बघा. मेक टेस्टने निस्ट या अमेरिकेच्या मानक संस्थेचा कोबोल-८५ चा जुना टेस्ट संचही चालवता येतो.

ग्नूकोबोल कोबोलचं सी भाषेत रूपांतर करतं आणि पुढचं काम सी कंपायलरकडे सोपवतं. त्यामुळे व्याकरणाचा बदल पार्सरच्या फाइलमध्ये, प्रकार आणि लांबीची तपासणी टाइपचेकमध्ये, तयार होणारा सी कोड कोडजेनमध्ये, आणि मूव्ह किंवा गणित प्रत्यक्ष चालतं ते लिबकोब या रनटाइम लायब्ररीत. आपल्या भागाकाराच्या इशाऱ्याला फक्त टाइपचेक आणि पर्यायांची यादी पुरते. देवनागरी कापण्याचा बदल मात्र लिबकोबमधल्या मूव्हमध्ये जातो. कोबसीला मोठा सी पर्याय दिला की सी फाइल बनवून ते थांबतं. ती उघडून बघितली की दोष अनुवादात आहे की रनटाइममध्ये, हे दहा मिनिटांत कळतं.

कागदपत्रं आधी उरका. ग्नूकोबोलचा कॉपीराइट फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे आहे. ग्नू प्रकल्पांत साधारण पंधरा ओळींपेक्षा मोठ्या बदलासाठी हक्क लिहून द्यावे लागतात, आणि नोकरीत असाल तर कंपनीचं ना-हरकत पत्रही लागतं. ते पत्र मिळायला कोड लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

पाठवल्यानंतर

"प्रमाणकाप्रमाणेच आहे" असं उत्तर आलं तर वाद घालू नका. कलम विचारा, वाचा, आणि मागणी एक पायरी खाली आणा: वर्तन नको बदलायला, इशारा द्या. इशाराही जड वाटत असेल तर मॅन्युअलमध्ये एक परिच्छेद घाला, आणि तो तुम्हीच लिहून द्या.

तोवर तुमच्या प्रोग्रॅममध्ये जी पळवाट काढली असेल, तिच्या वर ताऱ्याची ओळ घालून नोंदीचा क्रमांक आणि कंपायलरची आवृत्ती लिहून ठेवा. छोटा प्रोग्रॅम सोर्ससोबतच जपा. कंपायलरची नवी आवृत्ती टाकली की आधी तो चालवा, आणि उत्तर बदललेलं दिसलं तरच ती पळवाट काढून टाका.